सणाच्या दिवशीचे मानधन : आयर्लंडच्या वादकांपुढचा हिशेब

मार्च महिना जवळ आला की आयर्लंडमधल्या आणि आयर्लंडबाहेरच्या पारंपरिक वादकांपुढे एक जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो. १७ मार्चला, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या दिवशी, वाजवायला बोलावणे आले तर पैसे किती मागायचे? एरवीच्या शनिवारी जे घेतो तेच मागायचे, दुप्पट मागायचे, की त्याहूनही जास्त? नाताळात आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीही हाच पेच पडतो. जास्त मागितले तर परंपरेचा बाजार मांडला असे लोक म्हणतात. कमी मागितले तर घर चालत नाही, शिवाय बरोबरीच्या वादकाचा दर पडतो.

आयर्लंडच्या वादकांची चिंता आपण का करावी, असे काही सभासदांना वाटेल. कारण साधे आहे. आपल्यासारखी मंडळे वर्षातून चार-पाच वेळा कलाकारांना बोलावतात आणि बहुतेक वेळा ती सणालाच बोलावतात. मानधनाची बोलणी सुरू झाली की दोन्ही बाजू अवघडतात. आकडा कोणी आधी बोलायचा, तेच ठरत नाही. आयर्लंडमध्ये हा प्रश्न आपल्यापेक्षा फार मोठ्या प्रमाणावर येतो आणि तिथे त्याला कायद्याचे, कराचे व सरकारी मदतीचे पैलूही आहेत. ते समजून घेतले तर आपलाही विचार स्वच्छ होईल.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. सणाच्या दिवशी वादकाने जास्त दर लावणे यात लोभ नाही; वर्षाच्या जमाखर्चाचा तो भाग आहे. मात्र तो दर कोणाला लावायचा, हे गल्ल्याकडे पाहून ठरवावे. ज्याचा गल्ला त्या संगीतामुळे भरतो, त्याने सणाचा दर द्यावा.

हा दिवस कोणाचा?

सेंट पॅट्रिकचा दिवस मुळात धार्मिक. आयर्लंडमध्ये तो सार्वजनिक सुटीचा झाला १९०३ साली, ब्रिटिश संसदेने केलेल्या बँक हॉलिडे कायद्याने. आमचे आयुष्य बँकेत गेल्यामुळे हा तपशील आम्हांला विशेष वाटला. घरी लोक सकाळी चर्चला जात. पुढे कित्येक दशके त्या दिवशी तिथे मद्यालये बंद असत, हे आज कोणाला खरे वाटणार नाही.

मिरवणुकांची धामधूम वाढली ती परदेशी. न्यूयॉर्कची मिरवणूक १७६२ पासूनची, बॉस्टनचा सोहळा त्याहूनही जुना, १७३७ चा. शिकागोची नदी हिरव्या रंगाने रंगवण्याची प्रथा १९६२ ची. अमेरिकेत आपले मूळ आयरिश आहे असे सांगणारे तीन कोटींहून अधिक लोक आहेत. म्हणजे आयर्लंड बेटाच्या लोकसंख्येच्या कितीतरी पट. तिथल्या किरकोळ व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अंदाजानुसार या एका सणानिमित्त अमेरिकेत होणारा खर्च अलीकडच्या वर्षांत ७ अब्ज डॉलरच्या आसपास आहे.

हा पैसा जातो कुठे? खाण्यापिण्यावर, हिरव्या कपड्यांवर, सजावटीवर. हॉटेलवाला त्या आठवड्यात खोलीचे भाडे वाढवतो, विमान कंपनी तिकीट वाढवते, आणि त्यांना कोणी लोभी म्हणत नाही. मागणी-पुरवठ्याचा नियम म्हणून ते मान्य होते. कोपऱ्यात बसून तीन तास फिडल वाजवणाऱ्याने मात्र दर वाढवला की संस्कृती, परंपरा, निष्ठा असे सगळे शब्द एकदम बाहेर येतात. हा दुजाभाव नीट पाहिला पाहिजे.

पूर्वी पैसे कसे मिळत?

आयरिश परंपरेत संगीत फुकट असे, असा एक समज आहे. इतिहास तसे सांगत नाही.

टर्लो ओकॅरोलन (१६७०–१७३८) हा अंध हार्पवादक त्यांचा मोठा संगीतकार. तो घोड्यावरून एका जमीनदाराच्या घरून दुसऱ्याच्या घरी जाई, तिथे राही, यजमानाच्या नावाने चाल बांधी, आणि त्याबदली आदरातिथ्य व बिदागी घेई. आपल्याकडच्या संस्थानी काळातल्या गवयांशी हे चित्र किती जुळते! १७९२ मध्ये बेलफास्टला जुन्या हार्पवादकांचा मोठा मेळावा भरला. एडवर्ड बंटिंग या १९ वर्षांच्या तरुणाने तिथे चाली लिहून घेतल्या म्हणून तो प्रसिद्ध आहे. पण तिथे पैशाचाही चोख हिशेब होता. पहिले बक्षीस १० गिनी, दुसरे ८ गिनी, आणि बाकीच्यांनाही प्रत्येकी ६ गिनी. कोणालाही रिकाम्या हाताने परत पाठवले नाही.

सणाच्या दिवशी संगीत आणि पैसा यांची सांगड तर त्याहून जुन्या लोकप्रथेत आहे. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, रेन बॉइज नावाच्या टोळ्या गवताचे पोशाख आणि मुखवटे चढवून वाजत-गाजत घरोघर जात व पैसे गोळा करत. डिंगल गावात ही प्रथा आजही जोरात चालते. जमलेल्या पैशातून पुढे नाचगाण्याची मेजवानी होई. आता बहुधा ते धर्मादाय कामाला जातात. आपल्याकडे दिवाळीचे पोस्त असते, वासुदेवाला सुपातून धान्य मिळते, तशीच ही रीत. सणाला वाजवणाऱ्याच्या हातावर काहीतरी पडलेच पाहिजे, ही जाण परंपरेतच आहे.

मग फुकटाची कल्पना आली कुठून? ती आली घरगुती नाचांच्या बैठकींतून. खेड्यात शेजारी एकत्र जमत, एखादा फिडलवाला वाजवी, बाकीचे नाचत. तिथे पैशाचा प्रश्न नव्हता, कारण तो शेजारी होता. त्याचे गवत कापायला हेच लोक जात. ही परतफेडीची जुनी व्यवस्था होती. १९३५ च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्याने नाचाला परवाना लागू लागला आणि तो घरगुती नाचांवरही बडगा म्हणून वापरला गेला. खेड्यातली माणसे कामासाठी लंडन, न्यूयॉर्क, शिकागोला गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडनच्या कॅम्डन टाऊनसारख्या भागांत स्थलांतरित आयरिश मजूर संध्याकाळी मद्यालयात जमून वाजवू लागले. ‘सेशन’ नावाची आजची बैठक या वाटेने रुळली. संगीत घरातून निघून दुकानात आले, पण पैसे न घेण्याची घरातली रीत तशीच बरोबर आली. गोंधळाचे मूळ आमच्या मते इथे आहे.

बैठक वेगळी, सुपारी वेगळी

सेशन म्हणजे काय ते थोडे सांगितले पाहिजे. मद्यालयाच्या एका कोपऱ्यात वादक गोल करून बसतात. फिडल, बासरी, टिन व्हिसल, कन्सर्टिना, कोपराने भात्यात हवा भरून वाजवायचे इलन पाइप्स, हाताने वाजवायचा बोरान. रंगमंच नाही, कार्यक्रमपत्रिका नाही. एकाने चाल सुरू करायची, ज्यांना येते त्यांनी साथ करायची. श्रोत्यांकडे पाठ असली तरी चालते. हे वादकांचे आपसातले वाजवणे आहे. बऱ्याच ठिकाणी मालक दोन-तीन मुख्य वादकांना ठरावीक रक्कम देतो, म्हणजे बैठक नक्की होते. बाकीचे हौसेने येतात आणि त्यांना एखादे पेय मिळते. ही व्यवस्था उत्तम आहे. नवी पिढी तिथेच शिकते. तिला दर लावू नये.

१७ मार्चला मात्र मालक जे मागतो त्याला सेशन म्हणणे बरोबर नाही. त्याला ठरावीक वेळी सुरू होणारे, तीन-चार तास अखंड चालणारे, ध्वनिक्षेपकावरून ऐकू जाणारे, गर्दीला आवडणाऱ्या गाण्यांची फर्माईश पुरवणारे संगीत हवे असते. श्रोत्यांपैकी अनेकांनी हे संगीत वर्षात पहिल्यांदाच ऐकलेले असते. वादकाला तिथे आपल्या आवडीची अवघड चाल वाजवता येत नाही, आरडाओरड सोसावी लागते, महागडे वाद्य गर्दीत सांभाळावे लागते. ही सरळ सुपारी आहे. तिला सेशन म्हणून बोलावणे आणि सेशनच्या भावात उरकणे, म्हणजे बचत खात्यावरच्या व्याजाने जोखमीचे कर्ज मागण्यासारखे आहे.

हिशेब मांडून पाहू

आता आकड्यांकडे वळू. पुढचे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, पद्धत महत्त्वाची.

समजा एका वादकाला घरखर्चाला वर्षाला २४,००० युरो लागतात. वाद्याची देखभाल व घसारा, विमा, प्रवास, तारा-रीड वगैरेंसाठी ६,००० युरो धरा. एकूण ३०,००० युरो. वर्षात त्याला पैसे मिळतील अशी १०० बोलावणी येतात. त्यातली ८० साध्या दिवसांची आणि २० सणासुदीची, म्हणजे मार्चचा आठवडा, नाताळ, ३१ डिसेंबर वगैरे. साध्या दिवशी बाजारात २२५ युरोंपेक्षा जास्त मिळत नाहीत. ८० गुणिले २२५ म्हणजे १८,००० युरो. उरलेले १२,००० युरो कुठून येणार? त्या २० दिवसांतून. म्हणजे दर बोलावण्याला ६०० युरो, साध्या दिवसाच्या अडीच पटींहून थोडे जास्त.

आता समजा त्याने भिडेपोटी सणालाही २२५ युरोच घेतले. २० दिवसांचे ४,५०० होतील, वर्षाचे २२,५००. म्हणजे ७,५०० युरोंची तूट. ती तो भरून काढणार शिकवण्या वाढवून किंवा दिवसा दुसरी नोकरी करून. मग रियाज कमी होणार, आणि काही वर्षांनी मालक तक्रार करणार की पूर्वीसारखे वादक आता मिळत नाहीत.

या हिशेबात आणखी तीन गोष्टी येतात.

पहिली, नाशवंतपणा. १७ मार्चची संध्याकाळ एकच. एका ठिकाणी हो म्हटले की बाकीच्यांना नाही म्हणावे लागते. मालकाने आदल्या दिवशी बेत रद्द केला तर वादकाकडे पर्याय राहत नाही. म्हणून निम्मी रक्कम विसार म्हणून आधी घ्यावी आणि शेवटच्या पंधरवड्यात रद्द झाल्यास ती परत करू नये. एकाच दिवसावर विसंबण्याची जोखीम किती मोठी असते ते २०२० आणि २०२१ मध्ये दिसले. साथीमुळे डब्लिनची मिरवणूक सलग दोन वर्षे रद्द झाली, आणि ज्यांच्या वर्षाचे गणित त्या आठवड्यावर उभे होते त्यांचे गणित कोलमडले.

दुसरी, भांडवल. इलन पाइप्सचा पूर्ण संच हजारो युरोंचा असतो आणि चांगल्या कारागिराकडे मागणी नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागते. हे वाद्य वाजवणारा तयार व्हायला २१ वर्षे लागतात, ७ शिकण्याची, ७ रियाजाची आणि ७ वाजवण्याची, अशी तिकडे म्हणच आहे. २०१७ मध्ये युनेस्कोने इलन पाइप्सच्या वादनाला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले, २०१९ मध्ये आयरिश हार्पवादनालाही. मान मिळाला. पण मानपत्र दाखवून विजेचे बिल भरता येत नाही.

तिसरी, रॉयल्टीचा अभाव. चित्रपटगीत किंवा पॉपगीत वाजले की रचनाकाराच्या खात्यात काही ना काही जमा होते. पारंपरिक चालींचा रचनाकार बहुधा अज्ञात आणि चाल सर्वांच्या मालकीची. शिकागोचे पोलीसप्रमुख फ्रान्सिस ओनील यांनी १९०३ मध्ये १,८५० चालींचा संग्रह छापला, तो कोणीही वापरावा. चाल फुकट आहे हे खरे. वाजवणाऱ्याचा वेळ आणि विद्या मात्र फुकट नाही. त्याला मागाहून काही मिळणार नसते, त्यामुळे त्या रात्रीचे मानधन हेच त्याचे सर्व उत्पन्न.

दरपत्रक काढले तर?

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे सगळ्या वादकांनी एकत्र बसून सणाचा किमान दर ठरवावा. इथे कायदा आडवा येतो, आणि हा भाग आम्हांला सर्वांत उद्बोधक वाटला.

कारखान्यातल्या कामगारांनी मिळून वेतन मागितले तर ती सामुदायिक वाटाघाट. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्यांनी मिळून दर ठरवला तर ती साटेलोटे करून केलेली किंमतनिश्चिती! वादक बहुधा नोकर नसतो, तो एकट्याचा व्यवसाय समजला जातो. आयर्लंडमध्ये २००४ साली स्पर्धा प्राधिकरणाने जाहिरातींना आवाज देणाऱ्या कलाकारांच्या संघटनेचे ठरलेले दर याच कारणाने अमान्य केले. बरीच वर्षे लढल्यावर २०१७ मध्ये कायदा दुरुस्त झाला आणि आवाज देणारे कलाकार, मुक्त पत्रकार व ‘सेशन म्युझिशियन’ यांना सामुदायिक वाटाघाटीची मुभा मिळाली. पण गंमत अशी, की या कायद्यातला सेशन म्युझिशियन म्हणजे ध्वनिमुद्रणासाठी वगैरे कराराने बोलावलेला साथीदार. मद्यालयातल्या सेशनमध्ये बसणारा फिडलवाला त्यात आपोआप येत नाही. शब्द एकच, पण त्याचा लाभ दुसऱ्यालाच.

युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्ये नेदरलँड्समधल्या वाद्यवृंदांच्या बदली वादकांच्या प्रकरणात सांगितले, की नावापुरता स्वतंत्र पण प्रत्यक्षात नोकरासारखा राबणारा वादक असेल तर त्याच्यासाठी ठरवलेले किमान दर स्पर्धा कायद्याच्या कचाट्यात येत नाहीत. पुढे सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत म्हटले आहे, की १० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या, अथवा २० लाख युरोंहून अधिक वार्षिक उलाढाल असलेल्या धंद्याशी एकटे व्यावसायिक मिळून वाटाघाट करत असतील तर आयोग त्यात हस्तक्षेप करणार नाही. म्हणजे मोठे हॉटेल आणि छोटे गावठी मद्यालय यांत फरक करावा, हे तत्त्व तिथेही मान्य झाले आहे. गल्ल्याकडे पाहून दर ठरवा, हे आमचे म्हणणे याच दिशेचे आहे.

अमेरिकेत वादकांची संघटना १८९६ पासून आहे आणि तिच्या स्थानिक शाखा किमान दर ठरवतात. पण सेंट पॅट्रिकच्या दिवशी वाजवणारे बहुतेक छोटे गट या चौकटीबाहेरचे. तिथला मक्तेदारीविरोधी कायदा किती बारीक पाहतो याचे उदाहरण म्हणजे २०१३ साली संगीत शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेवर झालेली कारवाई. सभासदांनी एकमेकांचे विद्यार्थी ओढू नयेत हा तिचा आचारसंहितेतला नियमही स्पर्धेला बाधक ठरला.

यातून निष्कर्ष असा, की दर ठरवण्याचा भार शेवटी एकेका वादकावर येतो. म्हणून त्याने वरच्यासारखा आपला हिशेब स्वतः मांडलाच पाहिजे. शेजारचा काय घेतो एवढ्यावर विसंबू नये.

सरकार काय करते?

आयर्लंड सरकारने २०२२ मध्ये एक धाडसी प्रयोग केला. २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षे, कोणतीही अट न घालता. वादकही त्यात होते. निवड चिठ्ठ्या टाकून केली. २०२६ च्या अर्थसंकल्पात ही योजना पुढे कायम ठेवण्याची घोषणा झाली. वर्षाला हे साधारण १६,९०० युरो होतात. आमच्या उदाहरणातल्या वादकाला ते मिळाले तर सणाला ६०० युरो मागण्याची निकड उरणार नाही, हे उघड आहे.

पण अशी २,००० च नावे. शिवाय कराचा दुसरा कायदा पाहा. १९६९ पासून आयर्लंडमध्ये लेखक, चित्रकार, संगीतकार यांच्या नव्या निर्मितीवरच्या उत्पन्नाला प्राप्तिकरात सवलत आहे. आता तिची मर्यादा वर्षाला ५०,००० युरो. नवी चाल रचली तर सवलत. शंभर-दोनशे वर्षांची चाल जतन करून उत्तम वाजवली तर ते सादरीकरण, त्यावर सवलत नाही. वारसा सांभाळणाऱ्यापेक्षा नवे घडवणाऱ्याकडे कायद्याचा कल आहे. हे चूक की बरोबर यावर वाद होऊ शकतो. पण पारंपरिक वादकाला मानधनातून कर भरावा लागतो, हे बोलावणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

दुसरी बाजू

आमच्या मताला आक्षेपही आहेत, आणि ते दुर्लक्षिण्यासारखे नाहीत.

एक आक्षेप असा, की दर फार वाढले तर छोटी ठिकाणे जिवंत वादक सोडून ध्वनिमुद्रित संगीत लावतील, किंवा गिटारवर चार लोकप्रिय गाणी म्हणणारा एकटा गायक बोलावतील. ही भीती खरी आहे. म्हणूनच आम्ही सरसकट दुप्पट दर सुचवत नाही. ज्या छोट्या मद्यालयाने वर्षभर दर गुरुवारी बैठक चालू ठेवली, मुख्य वादकांना नेमाने पैसे दिले, नवशिक्यांना जागा दिली, त्याने सणाला जुन्या दराची अपेक्षा करणे रास्त आहे. तो वर्षभराचा खातेदार आहे. वर्षभर या संगीताकडे ढुंकूनही न पाहणारा आणि मार्चमध्ये अचानक हिरवे झेंडे लावणारा मालक त्याच सवलतीवर हक्क सांगू शकत नाही.

दुसरा आक्षेप हौशी वादकांचा. आम्ही आनंदासाठी वाजवतो, पैसे कशाला घ्यायचे, असे ते म्हणतात. भावना चांगली आहे. पण नोकरीचा पगार घेणारा हौशी वादक सणाच्या दिवशी एखाद्या तुडुंब भरलेल्या हॉटेलात फुकट वाजवतो, तेव्हा तो परंपरेला दान देत नाही. हॉटेलमालकाला देतो, आणि तेही दुसऱ्या वादकाच्या ताटातले. त्याला दानच करायचे असेल तर पूर्ण दर घ्यावा आणि ती रक्कम एखाद्या संगीतशाळेला द्यावी. १९५१ मध्ये मुलिंगार येथे स्थापन झालेल्या कोल्टस या संस्थेच्या शाखा गावोगाव मुलांना शिकवतात. मिल्टाऊन मालबे येथे १९७३ पासून भरणारी विली क्लॅन्सी उन्हाळी शाळा आहे. अशा कामाला पैसा नेहमीच लागतो.

तिसरा आक्षेप : वृद्धाश्रम, शाळा, चर्च, स्थलांतरितांची मंडळे यांनाही हाच दर लावायचा का? मुळीच नाही. तिथे गल्ला नाही. तिथे वादकाने वाटल्यास बिनमूल्य वाजवावे. फक्त एक पथ्य पाळावे : पावतीवर पूर्ण रक्कम लिहावी आणि खाली सवलत म्हणून वजा करावी. ६०० युरो, सूट ६०० युरो, देय शून्य. असे लिहिल्याने दोन फायदे होतात. यजमानाला आपल्याला काय मिळाले ते कळते, आणि पुढच्या वर्षी येणाऱ्या दुसऱ्या वादकाचा दर शून्यापासून सुरू होत नाही.

तीन प्रश्न

बोलावणे आल्यावर वादकाने तीन प्रश्न विचारावेत, एवढे आमचे सांगणे आहे. या कार्यक्रमातून कोणाच्या गल्ल्यात पैसा पडणार आहे? हा माणूस वर्षभर माझ्या संगीताला धरून आहे की फक्त आजच्या दिवशी? आणि आजच्या दिवसाने माझ्या वर्षाच्या खात्यात किती भर घालायला हवी? पहिल्या दोन प्रश्नांवरून सवलत द्यायची की नाही ते ठरेल, तिसऱ्यावरून आकडा. आकडा जानेवारीतच कळवावा. ऐन वेळी अडवून वाढवलेला दर आणि दोन महिने आधी लेखी कळवलेला दर यांत फार अंतर आहे. पहिल्याने माणूस तुटतो, दुसऱ्याने व्यवहार टिकतो.

आपल्यापुरते

हे सगळे वाचताना बडोदेकरांना एक आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. सयाजीराव महाराजांच्या संस्थानात ‘कलावंत कारखाना’ नावाचे स्वतंत्र खाते होते. गवई, वादक, नर्तकी यांची तिथे नेमणूक होई, त्यांना पगार मिळे. उस्ताद फैयाजखाँसारखा गवई या दरबाराच्या आश्रयाला होता. आज आयर्लंड जे आठवड्याच्या ३२५ युरोंतून करू पाहतो, त्याची जात थोडीफार तशीच आहे : कलावंताला वर्षभराची शाश्वती द्या, म्हणजे सणाच्या एका रात्रीवर त्याचा संसार टांगलेला राहणार नाही. दरबार गेले. आता ती जबाबदारी तुकड्या-तुकड्यांनी आपल्यासारख्या मंडळांवर आली आहे.

मंडळाचा गल्ला हॉटेलसारखा नसतो, हे आम्ही जाणतो. वर्गणीवर चालणारी संस्था दिवाळी पहाटेला किती देणार? पण वरचे तीन प्रश्न आपल्यालाही लागू पडतात. कार्यक्रमाला प्रायोजक असेल, मंडपात जाहिरातीचे फलक लागणार असतील, तर तिथे गल्ला आहे. कलाकाराला सणाचा पूर्ण दर द्यावा. प्रायोजक नसेल तर तसे मोकळेपणाने सांगावे, आणि त्याच कलाकाराला श्रावणात किंवा माघात, म्हणजे त्याच्या रिकाम्या दिवसांत, आणखी एक बैठक द्यावी. दोन बोलावण्यांचे मिळून त्याचे वर्ष सावरते आणि आपल्यालाही परवडते. तबलजी, पेटीवाले आणि ध्वनिव्यवस्थावाले यांचेही मानधन मुख्य गायकाच्या आकड्यात न बुडवता वेगळे लिहावे.

आपल्या कायद्याने इथे थोडी सोयही केली आहे. लोककला किंवा शास्त्रीय प्रकारातले संगीत, नृत्य, नाट्य सादर करणाऱ्या कलाकाराचे मानधन एका कार्यक्रमाला दीड लाख रुपयांपर्यंत असेल तर त्यावर जीएसटी लागत नाही. कराच्या भीतीने कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार करण्याचे त्यामुळे कारण नाही. मानधन धनादेशाने किंवा थेट खात्यात द्यावे, पावती घ्यावी, विसार आधी पोहोचवावा.

नारळ, शाल आणि पाकीट ही आपली रीत सुंदर आहे. ती अवश्य पाळावी. फक्त पाकिटात किती असावे हे कार्यक्रमानंतर, पडद्यामागे, कोषाध्यक्षांच्या खिशात त्या क्षणी काय आहे त्यावरून ठरू नये. येत्या दिवाळी पहाटेची बोलणी गणेशोत्सव संपताच सुरू करावी आणि आकडा पहिल्याच पत्रात लिहावा, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवत आहोत. सभासदांनी आपली मते जरूर कळवावीत.